चाळीस सेकंदांचा नोकर

एखादा नट गेल्याची बातमी मोबाइलवर आली की तुम्ही सगळ्यात आधी काय शोधता? खरं सांगा. त्याचं काम शोधता, की त्याचा फ्लॅट?

मधुकाका, तुम्ही गेलात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोक तुमच्या नावापुढे एकच शब्द टाइप करत होते: संपत्ती. मधुकर ओव्हाळ एवढं लिहिलं की तो शब्द आपोआप येऊन उभा राहायचा. एका बातमीने तुम्हाला दोन परदेशी गाड्या दिल्या होत्या, दुसरीने लोणावळ्याला बंगला. एका ठिकाणी तर फोटोही तुमचा नव्हता. मिशी साधारण तशीच होती, म्हणून चाललं असावं.

दुसऱ्या दिवशी कर्वेनगरच्या घरी तीन पत्रकार आले. शालनकाकू पांढऱ्या साडीत, भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्यातल्या एका मुलीने फोन पुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, सरांकडे गाड्या कोणकोणत्या होत्या?"

काकूंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "एक स्कूटर होती. किक मारून सुरू व्हायची नाही, ढकलून व्हायची. ढकलायला मी असायचे. लिहा."

"आणि सध्याची?"

"सध्याची खाली उभी आहे. धुळीत. कुणीतरी काचेवर बोटाने 'मला धुवा' लिहिलंय. तेही लिहा."

मी स्वयंपाकघरातून त्या तिघांसाठी पाणी घेऊन येत होते. त्या घरात मी तीन वर्षांनी पाऊल ठेवलं होतं, आणि तेही तुम्ही नसताना. हातात ट्रे होता. ट्रेबद्दल पुढे सांगते.

थकले आहे, काका. रडून नाही, रडायला अजून नीट जमलेलं नाही. इतकी वर्षं आपलंच बरोबर आहे असं समजून वागत आले, त्याचा हा थकवा आहे. अंगात ताप नसताना ताप उतरल्यासारखं वाटतंय.

बाबांचा छापखाना कसबा पेठेत, बोळातल्या एका खोलीत. खोली इतकी अरुंद की मला मशीनच्या मागे जायचं असेल तर रशीदचाचांना पुढे येऊन उभं राहावं लागायचं. बाबा मजकूर लिहिणार आणि जुळवणार, चाचा मशीन चालवणार, आणि मी घड्या घालणार. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'अननस' वाचता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. शाळेच्या वह्यासुद्धा बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू शिवून केलेल्या असायच्या. गणिताच्या बाईंनी एकदा माझी वही उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "साळवे, तुझ्या बेरजेमागे मोर्चा आहे."

तुम्ही तेव्हा दिवसा कारखान्यात जायचात आणि संध्याकाळी चौकात नाटक करायचात. कामाच्याच कपड्यांत छापखान्यात यायचात, उंबऱ्यातच उभे राहायचात, कारण आत जागाच नसायची.

"काय गं पत्रक, आज कुणाचा निषेध?"

"भेंडीच्या भाजीचा."

"मागण्या किती?"

मी बोटांवर मोजून मागण्या सांगायचे. तुम्ही प्रत्येक मागणीला गंभीरपणे मान डोलवायचात आणि शेवटी बाबांना म्हणायचात, "अशक्या, हिला लवकर पुढारी कर नाहीतर आपल्यालाच भारी पडेल." माझं नाव संघमित्रा आहे हे तुम्हाला माहीत होतं की नाही, याची मला कधीकधी शंका यायची.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला एका पथनाट्यात घेतलं. पाण्याच्या टँकरभोवतीच्या गर्दीत उभं राहायचं, एवढंच काम होतं. तालमीला तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात.

"तू कोण?"

"गर्दी."

"गर्दी कुणी नसतं. नाव सांग. बापाचं नाव सांग. कुठून आलीस, सकाळी काय खाल्लंस?"

मी रडकुंडीला आले. मग आपण दोघांनी मिळून एक मुलगी ठरवली. सुमन बाबू जगताप, शेळी हरवलेली, सकाळी चहाबरोबर शिळी भाकरी खाल्लेली. नाटकात मी एक शब्दही बोलले नाही. पण मला अजून ती शेळी आठवते, कानावर पांढरा ठिपका असलेली.

म्हणजे तुमची पद्धत मला तेव्हापासून ठाऊक होती. ठाऊक असायला हवी होती.

मग तुम्हाला सिनेमा मिळू लागला. हवालदार, शिपाई, ड्रायव्हर, दारुडा. आम्ही सगळे तुम्हाला बघायला जायचो आणि तुम्ही दिसलात की रशीदचाचा शिट्टी मारायचे. शिट्टी संपेपर्यंत तुम्ही पडद्यावरून गेलेले असायचात. नंतर ती मालिका आली. तिच्यात तुम्ही घरचे आजोबा होतात, सगळ्यांना समजून घेणारे. ती इतकी वर्षं चालली की लोक रस्त्यात तुमच्या पाया पडू लागले. कारखाना सुटला. बिबवेवाडीच्या दोन खोल्या सुटल्या. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आला.

नव्या घरी आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्या वयात माणूस जितकं चिडू शकतं तितकी चिडलेली होते. तुम्ही मला बाल्कनीत नेलंत.

"काका, वस्तीतली मुलं आता तुमच्याकडे कशी येणार? खाली वॉचमन नाव लिहून घेतो."

"घेऊ दे की. नाव लिहिलेलं बरं असतं."

"आणि बिबवेवाडीचं काय?"

"बिबवेवाडी आहे तिथेच आहे. मी दोन खोल्यांत मेलो असतो तर तुझं पत्रक छान झालं असतं, एवढंच."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय. काळी चौकटसुद्धा मिळाली असती."

आतून काकूंनी हाक मारली म्हणून ते भांडण तिथेच राहिलं. आपली बहुतेक भांडणं अशीच राहिली. कुणीतरी जेवायला बोलवायचं.

मग तो पिक्चर आला. मोठ्या घरातलं लग्न, मोठे नट, आणि त्यात तुम्ही चाळीस सेकंद. चहाचा ट्रे घेऊन तुम्ही आत येता, नव्या सोफ्यावर चहा सांडतो, घरचा मालक तुमच्या थोबाडीत देतो, तुमची मान खाली जाते. थिएटरात मी कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींबरोबर बसले होते. अंगाची आग झाली. मी तिथेच अंधारात मांडीवर वही घेऊन लिहायला लागले. लिहीत असताना सगळं थिएटर हसलेलं मला ऐकू आलं. एका गरिबाला थोबाडीत बसते आणि लोक हसतात, हेही मी लिहून घेतलं. शेवटी नावांच्या पाट्या धावल्या. नोकर – मधुकर ओव्हाळ.

त्यातून माझं पत्रक झालं. मथळा होता 'वाकलेली मान'. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते झोपेतही म्हणत असेन. "ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मान वर करायला आयुष्य घालवलं, त्यांच्यातलाच एक नट चाळीस सेकंदांच्या प्रसिद्धीसाठी ती खाली घालतो." बाबांनी मजकूर वाचला. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुझं मत आहे ना? मग छापायचं." आमच्या घरात मताला अडवत नाहीत. आपला माणूस असला तरी नाही. याचा मला फार अभिमान होता.

त्याच आठवड्यात एका संस्थेने तुमचा सत्कार ठेवला होता. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी नाट्यगृहाच्या फाटकाशी पत्रकं वाटत उभ्या राहिलो. तुमची गाडी आली. तुम्ही उतरलात, नवा कुडता, खांद्यावर शाल आधीच कुणीतरी घातलेली. सरळ माझ्यासमोर आलात आणि हात पुढे केलात.

"मला पण दे."

मी दिलं. तुम्ही फाटकातच उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत. मागे संस्थेचे लोक घड्याळ बघत होते. वाचून झाल्यावर चार घड्या घातल्यात आणि खिशात ठेवलंत.

"कागद चांगला वापरलाय अशोकनं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी रद्दीच काढेल." मग म्हणालात, "रविवारी घरी ये. चहा पिऊ, मग भांडू. एक दाखवायचंय."

"मी माफी मागायला येणार नाही."

"माफी कोण मागतंय? मी चहा म्हटलं."

आणि तुम्ही आत गेलात. मी मागच्या दारात उभी राहून पाहिलं. दोन तास भाषणं चालली, तुम्हाला थोर म्हटलं गेलं, आणि पूर्ण वेळ तुमच्या खिशातून त्या पत्रकाचा पांढरा कोपरा बाहेर डोकावत होता.

पहिल्या रविवारी खरंच मोर्चा होता. दुसऱ्या रविवारी बैठक होती, ती मीच ठेवली होती. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं आणि मी घरी बसून राहिले. त्यानंतर जाणं अवघड होत गेलं. न जाण्याचीही सवय लागते. अधूनमधून तुमचा मेसेज यायचा. "चहा गरम आहे." मी उत्तर द्यायचे नाही. संध्याकाळी पुन्हा एक यायचा. "गार झाला." तीन वर्षांत तुम्ही या दोन वाक्यांपलीकडे मला काही लिहिलं नाहीत. शेवटचे चार महिने तेही बंद झालं. मला वाटलं, बरं झालं, कंटाळले एकदाचे.

तुम्ही आजारी होतात. बाबांना माहीत होतं. मला सांगायचं नाही असं तुम्ही त्यांना बजावलं होतंत. हे मला काकूंकडून कळलं, पत्रकार गेल्यानंतर.

"का नाही सांगितलं मला?"

"ते नको म्हणाले. म्हणाले, दया येऊन येईल ती. तिला भांडायला येऊ दे."

मग काकू उठल्या आणि पलंगाखालून एक निळी ट्रंक ओढून काढली. "हे तुझं. दर रविवारी काढून पुसायचे आणि परत ठेवायचे. म्हणायचे, पत्रक येईल. मी म्हणायचे, आता कसली येतेय. तर म्हणायचे, तिला उशीर करायची सवय आहे, जन्मालासुद्धा दोन आठवडे उशिरा आली होती."

मी ट्रंक तिथेच फरशीवर उघडली. आत तुमच्या भूमिकांचे कागद होते. पूर्ण स्क्रिप्ट तुम्हाला कोण देणार, तुमच्या वाट्याची दोन-तीन पानंच. पिनांना गंज चढलेला. प्रत्येक कामाच्या पहिल्या पानावर जिथे छापलेलं होतं 'हवालदार २', तिथे तुम्ही सरळ रेघ मारली होती आणि वर तुमच्या गोल अक्षरात नाव लिहिलं होतं. दत्तू बाळा शेंडगे. खाली लिहिलं होतं: गुडघा दुखतो. मुलगी दहावीला, गणित जड जातं. साहेब बोलत असताना हा मनात तिच्या क्लासचा विचार करतो.

'दारुडा' खोडून: विलास केरबा खुडे. पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बोटं अजून चालतात, बाटलीवरसुद्धा.

'शिपाई' खोडून: रशीद हुसेन तांबोळी. चहा बशीतून पितो. कुणी हसलं तरी बशीतूनच.

मी एकेक पान काढत होते. प्रत्येकाला बाप होता, आडनाव होतं, सकाळी खाल्लेलं काहीतरी होतं. बरीच नावं मला ओळखीची वाटत होती, बिबवेवाडीच्या वस्तीतली, छापखान्याच्या बोळातली. एका पानाच्या समासात लिहिलेलं होतं, "पाटीवर नाव टाका म्हणालो. हसले."

तळाशी त्या पिक्चरची पानं होती. 'नोकर' खोडलेला. वर लिहिलेलं: गेनू सखाराम साळवे.

काका, ते माझे आजोबा.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. माझे आजोबा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. मधुकाका लहान असतानाच त्यांचे वडील गेले, तेव्हापासून ते बाबांच्या शेजारी बसून आजोबांच्याच ताटाभोवती वाढले. आजोबा आम्हा मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "साहेब ओरडायला लागला की मी खाली त्याच्या बुटाकडे बघायचो. लोकांना वाटायचं, घाबरला म्हातारा. एकदा बघतो तर डाव्या बुटाची लेस सुटलेली. एरवी सांगितलं असतं. त्या दिवशी नाही सांगितलं." मग आम्ही ओरडायचो, "मग?" आणि आजोबा मांडीवर थाप मारायचे. "मग काय. जिन्यावर धप्प."

तुमच्या पानावर त्या नावाखाली तीन ओळी होत्या. "मारल्यावर मान खाली घालायची आहे. घालू. पण बघायचं बुटाकडे. डाव्या बुटाची लेस सुटली आहे, सांगायचं नाही."

त्याच पानांत माझं पत्रक होतं, चार घड्या घातलेलं. माझ्या त्या आवडत्या वाक्याखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "वाक्य चांगलं आहे."

मी ट्रंक रिक्षात घालून छापखान्यात आणली. दुपार होती. बाबांनी आजोबांचं नाव वाचलं आणि पान उलटं करून मागे काही आहे का पाहिलं. मग म्हणाले, "लाव तो पिक्चर."

"तुम्ही पाहिला नाहीत?"

"तुझं पत्रक मी छापलं. आपण छापलेल्याच्या विरुद्ध जाऊन तिकीट कसं काढणार? मध्या दर वेळी विचारायचा, बघितलास का. मी सांगायचो, तत्त्वाचा प्रश्न आहे." त्यांनी चष्मा काढला. "तो म्हणायचा, बरं. तत्त्व झालं की बघ."

रशीदचाचांचंही तेच. छापखान्याचा बहिष्कार म्हणजे त्यांचाही.

फोन कागदाच्या गठ्ठ्याला टेकवून आम्ही तिघांनी ती चाळीस सेकंदं पाहिली. तुम्ही ट्रे घेऊन आत आलात. चालणं पाहूनच बाबांनी माझा दंड धरला. आजोबा असंच चालायचे, उजवा खांदा किंचित पुढे टाकून, दार अरुंद असल्यासारखे. चहा सांडला. थोबाडीत बसली. मान खाली गेली. आणि डोळे गेले ते डावीकडे, मालकाच्या बुटावर. लेस सुटलेली होती, काका. खरोखरची सुटलेली, चकचकीत फरशीवर लोळणारी. तुमच्या ओठाचा कोपरा एवढासा हलला. मालक ताठ मानेने वळला, दोन पावलं गेला आणि पायरीवर असा अडखळला की त्याने दाराचा पडदा धरला.

थिएटर हसलं होतं ते इथे. थोबाडीत बसली तेव्हा कुणीही हसलं नव्हतं. मालक धडपडला तेव्हा हसले. आणि त्या वेळी मी मान खाली घालून वहीत लिहीत होते, की मधुकर ओव्हाळने मान खाली घातली.

बाबा म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावला. चौथ्यांदा झाल्यावर ते मशीनच्या मागे गेले आणि आम्हाला पाठ करून कागद मोजायला लागले. ते कागद मोजलेलेच होते.

चाचांना मी त्यांच्या नावाचं पान दाखवलं. त्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं. "मला न विचारता पिक्चरमध्ये घातलं? आणि जिवंत ठेवलं की मारलं?"

"जिवंत आहात, चाचा. एकच सीन आहे. फाइल आणून देता."

"चहा दिला का पिताना?"

"नाही."

"मग बशीचं कशाला लिहिलं?" ते हसले, मग म्हणाले, "बिचारा मनातल्या मनात पीत असेल."

लेस कशी सुटली ते काकूंनी फोनवर सांगितलं. कपडेपटातला माणूस तुमचा जुना स्नेही. शॉटच्या आधी त्याने त्या मोठ्या नटाचे बूट पुसायला घेतले आणि डावी गाठ सैल सोडली. अडखळणं कुणाच्या कागदावर नव्हतं. दिग्दर्शकाला आवडलं, त्याने ठेवलं. तुम्ही घरी येऊन काकूंना सांगितलंत, "आज गेनूआबांनी साहेब पाडला." आणि म्हणे दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात.

आता आपलं भांडण. ते मी सोडलेलं नाही, तुम्हाला तसं वाटू नये म्हणून सांगते. मला अजूनही वाटतं की ट्रंकेत ठेवलेलं नाव पुरेसं नाही. पडद्यावर 'नोकर' असंच आलं. लाखो लोकांनी 'नोकर' असंच वाचलं. तुम्ही एकदा म्हणालात, ते हसले, आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्ही ओरडायला हवं होतं. यावर तुम्ही काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. "ओरडलो असतो तर पुढच्या पिक्चरला गेनूआबांना आत कुणी घेतलं असतं?" मग मी म्हणाले असते, घेतलं नसतं तरी चाललं असतं. मग तुम्ही म्हणाला असतात, "तुला चाललं असतं. आबांना विचारलंस?" आणि मग काकूंनी जेवायला बोलावलं असतं.

दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतंय. यानेच जास्त दमायला होतं. तुम्ही समोर असतात तर मी निदान अर्धंच भांडले असते.

इथे एक वाक्य अगदी तयार बसलंय, की ती ट्रंक हीच तुमची खरी संपत्ती. मी ते लिहिणार नाही. ते खोटं होईल. तुम्हाला फ्लॅट आवडायचा. आलेल्या पाहुण्याला तुम्ही आधी न्हाणीघरात नेऊन गरम पाण्याचा नळ सोडून दाखवायचात आणि हात धरून म्हणायचात, "बघ, लगेच येतं." कारखान्यातून आल्यावर थंड पाण्याने हात धुताना तुमची बोटं कशी निळी पडायची ते बाबांनी पाहिलं होतं. मी फक्त वॉचमन पाहिला. तो नळ तुम्हाला लाभला याचा मला आनंद आहे. हे मी तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. त्याला चहासुद्धा लागला नसता.

रविवारी तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. ज्या संस्थेने सत्कार केला होता, तिच्या लोकांनी माहितीपत्रक द्यायचं ठरवलं आहे. त्यांनी मजकूर पाठवला: सुरुवात, संघर्ष, यश, मालिका, मानसन्मान, आणि एका ओळीत 'हवालदार, नोकर, शिपाई अशा असंख्य छोट्या भूमिका'. काकूंनी तो वाचला आणि माझ्याकडे दिला. "तूच कर. तुझी आणि ह्यांची भाषा जुळायची नाही कधी, पण तूच कर."

म्हणून मी पत्रक केलं आहे. आयुष्यातलं पहिलं, ज्यात एकही मागणी नाही. एका बाजूला कोरं, दुसऱ्या बाजूला फक्त नावं. डावीकडे पडद्यावर काय लिहून आलं ते, उजवीकडे तो माणूस कोण होता ते. हवालदार २, दत्तू बाळा शेंडगे. दारुडा, विलास केरबा खुडे. ट्रंकेत आहेत तेवढी सगळी. बाबांनी या वेळी चष्मा न पुसता वाचलं. चाचांनी स्वतःचं नाव दोनदा तपासलं. कागद चांगला वापरला आहे, काका. रद्दीचा नाही.

लेसचंही मी सगळ्यांना सांगून टाकलं. तुम्ही सांगितलं नसतंत. तुमच्या-माझ्यातला फरक तेवढाच, आणि तो आता मिटायचा नाही. तुम्ही खिशात ठेवायचात, मी वाटत सुटते. रविवारी मी काकूंकडे लवकर जाणार आहे. चहा करेन. गार झाला तरी पिईन.

आता तुम्ही, जे हे वाचताय. तो पिक्चर टीव्हीवर लागतोच, सुट्टीच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळे आडवे झालेले असताना. मध्यंतराच्या थोडं आधी एक माणूस उजवा खांदा पुढे टाकून चहाचा ट्रे घेऊन आत येईल. तेवढ्यात पाणी प्यायला उठू नका. चाळीस सेकंदांचं काम आहे. त्याची मान खाली गेली की तुम्ही तुमची वर ठेवा आणि मालकाच्या डाव्या बुटाकडे बघा. आणि शेवटी पाट्या धावू लागल्या की टीव्ही बंद करू नका. 'नोकर' असं लिहून येईल. ते आलं की घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा: गेनू सखाराम साळवे.